मागणाऱ्यांची शाळा

विश्वस्त मंडळाच्या विषयपत्रिकेत 'निधीबाबत चर्चा' हा विषय बहुतेक संस्थांत अगदी तळाशी असतो. मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, जमाखर्चाला मंजुरी, वसतिगृहाच्या छताची गळती, दोन कर्मचाऱ्यांची वेतनवाढ यांत दीड तास निघून जातो. पोहे संपलेले असतात, चहाची दुसरी फेरी झालेली असते आणि कुणाची तरी एसटी सुटायच्या बेतात असते. मग अध्यक्ष विचारतात, 'निधीचं काय करायचं?' कुणी स्मरणिका काढू म्हणतो, कुणी मदतीसाठी नाटकाचा प्रयोग सुचवतो, कुणी 'एखाद्या कंपनीचा सीएसआर बघा' असे सांगतो. बघायचे कुणी, हे ठरत नाही. सगळ्यांच्या नजरा टेबलाच्या टोकाला बसलेल्या पगारी माणसाकडे वळतात. निधी आणणे हे त्याचे काम आहे, असे सर्वांनी मनोमन ठरवून टाकलेले असते.

या माणसाला बाहेर जे दिसते ते मंडळाला दिसत नाही. देणगीदाराच्या घरी गेल्यावर त्याला पहिल्या पाच मिनिटांत हमखास विचारले जाते, 'तुमच्या मंडळावर कोण कोण आहे?' पुढचा प्रश्न अधिक अडचणीचा असतो, 'त्यांनी स्वतः किती दिलेत?' उत्तर सांगण्याजोगे असेल तर पुढचे बोलणे सोपे जाते. नसेल तर छापील अहवाल कितीही देखणा असला, तरी चहा पिऊन परत यावे लागते. काही वर्षे असे दरवाजे झिजवल्यावर चांगल्या निधी संकलकाच्या लक्षात येते की अडचण जितकी देणगीदाराच्या दारात आहे, त्याहून अधिक ती आपल्याच सभागृहात आहे. तिथून त्याचा रस्ता बदलतो. तो पैसे मागणे हळूहळू कमी करतो आणि मंडळातल्या माणसांना मागायला शिकवू लागतो.

निधी संकलनातून सल्लागारीकडे आणि तिथून विश्वस्तांच्या प्रशिक्षणाकडे जाणारी ही वाट अमेरिकेत गेल्या शंभरेक वर्षांत नीट मळली. भारतात तिच्यावर माणसे दिसू लागली आहेत, आणि महाराष्ट्राला तर तिची निकड कधी नव्हती एवढी आज आहे.

कंत्राटदार, सल्लागार, शिक्षक

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या वायएमसीएसाठी चार्ल्स समनर वॉर्ड आणि लायमन पिअर्स या दोघांनी निधी मोहिमांचे एक तंत्र बसवले. १९०५ मध्ये वॉशिंग्टनच्या मोहिमेत ते एकत्र आले. मोहिमेचा काळ अगदी मोजका. गावातल्या प्रतिष्ठितांची पथके पाडायची, प्रत्येक पथकाला भेटींची यादी द्यायची, रोज दुपारच्या जेवणाला सर्वांसमोर जमा रकमेचा हिशेब सांगायचा आणि भर चौकातल्या मोठ्या घड्याळाचा काटा त्याप्रमाणे पुढे सरकवायचा. वॉर्ड आणि पिअर्स यांचे काम आखणी करण्याचे, याद्या पक्क्या करण्याचे आणि पथकांना तयार करण्याचे होते. पैसे मागायला जायचे ते त्या गावातल्या लोकांनीच.

१९१९ मध्ये या मंडळींनी व्यावसायिक कंपनी काढली. अशा कंपन्या वाढल्या, तसा एक वादही वाढला. निधी आणून देणाऱ्याने जमलेल्या रकमेवर टक्केवारी घ्यावी का? १९३५ मध्ये सल्लागार कंपन्यांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली ती या धंद्याला शिस्त लावण्यासाठी. १९६० मध्ये निधी संकलकांची स्वतंत्र संघटना निघाली. तिला आज असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्स या नावाने ओळखले जाते. तिच्या आचारसंहितेत टक्केवारीवर मोबदला घेण्यास स्पष्ट मनाई आहे. मोबदला कामाचा, वेळेचा, कौशल्याचा घ्यायचा. हा नियम वरवर हिशेबाचा वाटतो, पण त्यानेच या व्यवसायाचे स्वरूप ठरवले. टक्केवारी घेणारा माणूस स्वतःच मागत सुटतो, कारण प्रत्येक धनादेशात त्याचा वाटा असतो. ठरलेली फी घेणाऱ्याला मात्र संस्थेला तिच्या पायावर उभे करून बाजूला होता येते.

या बदलाला शाळेचे रूप दिले हेन्री रोसो यांनी. सगळे त्यांना हँक म्हणत. निधी संकलनाचा दीर्घ अनुभव गाठीशी असलेल्या रोसो यांच्या ध्यानात आले की मोठी विद्यापीठे आणि रुग्णालये सल्लागाराची फी देऊ शकतात, पण गल्लीतली बालवाडी किंवा गावातले वाचनालय देऊ शकत नाही. १९७४ मध्ये त्यांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरात 'द फंड रेझिंग स्कूल' सुरू केले. जोसेफ मिक्सर आणि लाइल कुक हे त्यांचे साथीदार होते. एका संस्थेची मोहीम हाती घेण्याऐवजी अनेक संस्थांच्या माणसांना एकत्र बसवून शिकवायचे, ही त्यांची रीत. १९८७ मध्ये ही शाळा इंडियाना विद्यापीठाच्या नव्या परोपकार-अध्ययन केंद्रात गेली. पुढे त्याच केंद्रातून लिली फॅमिली स्कूल ऑफ फिलान्थ्रॉपी उभे राहिले. १९९१ मध्ये रोसो यांच्या संपादनाखाली निघालेला ग्रंथ या विषयाचे पाठ्यपुस्तक ठरला.

रोसो फळ्यावर एकात एक वर्तुळे काढून दाखवत. अगदी आतल्या वर्तुळात विश्वस्त मंडळ, व्यवस्थापन आणि मोठे देणगीदार. त्याबाहेर स्वयंसेवक, कर्मचारी, नियमित देणगीदार. मग पूर्वीचे देणगीदार, आणि सर्वांत बाहेर संस्थेशी अजून संबंध न आलेली माणसे. संस्थेची ऊर्जा आतून बाहेर जाते, असे ते समजावून सांगत. आतले वर्तुळ थंड असेल तर बाहेरच्यांना ऊब लागायची कशी? मंडळाने आधी स्वतः द्यायचे, मग इतरांकडे मागायचे, हा क्रम त्यातूनच येतो.

नळ बंद झाला तेव्हा

रोसो यांची शाळा सुरू झाली तेव्हा अमेरिकेतल्या छोट्या संस्थांना सरकारी पैशाची सवय लागली होती. १९७३ च्या रोजगार-प्रशिक्षण कायद्याखाली, ज्याला तिकडे 'सेटा' म्हणत, असंख्य संस्थांतल्या कर्मचाऱ्यांचे पगार सरकारी तिजोरीतून होत. १९८१ मध्ये रोनाल्ड रेगन सत्तेवर आले, सामाजिक खर्चाला कात्री लागली आणि ती योजना गुंडाळली गेली. महिला निवारे, मोहल्ला दवाखाने, भाडेकरूंच्या संघटना यांच्यापुढे पहिल्यांदाच प्रश्न उभा राहिला, मागायचे कुणाकडे?

किम क्लाइन यांचे काम नेमके या वळणावर वाढले. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये स्त्रियांच्या आरोग्यहक्कांसाठी झटणाऱ्या आघाडीच्या निधी संकलनाची जबाबदारी त्यांच्यावर होती. श्रीमंत विश्वस्त नाहीत, माजी विद्यार्थी नाहीत, मोठे नाव नाही, अशा संस्थेसाठी त्या मागत होत्या. रुग्णालयांसाठी लिहिलेली पुस्तके त्यांच्या उपयोगाची नव्हती. मग १९८० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी लिसा होनिग यांच्यासह 'ग्रासरूट्स फंडरेझिंग जर्नल' हे नियतकालिक काढले. १९८५ मध्ये 'फंडरेझिंग फॉर सोशल चेंज' हे त्यांचे पुस्तक आले आणि त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघत राहिल्या. नॉक्सव्हिलच्या ॲपलाचियन कम्युनिटी फंडाचे काम त्यांनी पाहिले, स्टेफनी रॉथ यांच्यासह सल्लागार कंपनी चालवली आणि बर्कलीच्या विद्यापीठात समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना हा विषय शिकवला.

अमेरिकेतल्या श्रीमंत मंडळांत एक ठसक्याचे वचन चालते. द्या, मिळवून द्या, नाहीतर जागा सोडा. क्लाइन यांनी छोट्या संस्थांना शिकवले ते याहून मऊ आहे, पण जबाबदारीतून कुणाला सोडणारे नाही. मंडळावरच्या प्रत्येकाने द्यायचे, मात्र आकडा सर्वांसाठी सारखा नाही. मंडळावर घरकामगार स्त्री असेल आणि वकीलही असेल, तर दोघांनी आपापल्या ऐपतीत जी रक्कम स्वतःला महत्त्वाची वाटेल ती द्यायची. 'आमच्या मंडळातले शंभर टक्के सदस्य देणगी देतात' हे वाक्य बाहेर सांगता आले पाहिजे. रक्कम किती, हा त्यानंतरचा प्रश्न.

याच परंपरेतले अँडी रॉबिन्सन दारोदार फिरून देणग्या गोळा करण्यापासून सुरुवात करून प्रशिक्षक झाले. अँड्रिया किलस्टेड यांच्याबरोबर २०१४ मध्ये त्यांनी मंडळांच्या प्रशिक्षणाचे पुस्तक काढले. त्याची मांडणी पाककृतींच्या पुस्तकासारखी आहे. प्रत्येक खेळाला किती वेळ लागेल, साहित्य काय, केव्हा घ्यावा, हे सगळे दिलेले. प्रशिक्षकाने येऊन भाषण ठोकावे ही अपेक्षा त्यात कुठेच नाही. मंडळातल्याच एखाद्याने पुस्तक उघडावे आणि पुढच्या बैठकीत वीस मिनिटे काढून तो खेळ घ्यावा, अशी रचना.

भिंतीवरचा कागद

अशा प्रशिक्षणात घडते काय, ते एका उदाहरणाने पाहता येईल. समजा, तालुक्याच्या गावी मुलींचे वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेला वर्षाला दहा लाख रुपये लोकांकडून उभे करायचे आहेत. मंडळात अकरा जण आहेत. 'हजार लोकांनी हजार-हजार दिले की झाले', ही पहिली सूचना ठरलेली. गणित बरोबर आहे, पण देणग्या तशा येत नाहीत. शिकवणारा भिंतीवर मोठा कागद लावतो आणि क्लाइन यांच्यासारख्या अनुभवी मंडळींनी रूढ केलेल्या ठोकताळ्याने आकडे लिहीत जातो. साधारण दहा टक्के देणगीदारांकडून साठ टक्के रक्कम येते. उरलेली रक्कम बाकी सगळ्यांच्या छोट्या-मोठ्या देणग्यांतून.

म्हणजे एक लाखाची एक देणगी. पन्नास हजारांच्या दोन. पंचवीस हजारांच्या चार. इथवर सात माणसे आणि तीन लाख रुपये. वीस हजारांच्या बारा आणि दहा हजारांच्या सहा धरल्या की आणखी तीन लाख. पंचवीस माणसांत सहा लाख झाले. त्यापुढे पन्नास जणांचे चार-चार हजार म्हणजे दोन लाख. आणि पावणेदोनशे लोकांचे सरासरी अकराशे-बाराशे धरले की दहा लाखांचा आकडा भरतो. हजार माणसांच्या जागी अडीचशे माणसे पुरतात.

आता खरा प्रश्न येतो. वरच्या सात देणग्या कोण देणार? एका देणगीसाठी तीन-चार शक्यता हाताशी असाव्या लागतात, कारण नकार येणारच. सातांसाठी पंचवीसेक नावे हवीत. अकरा विश्वस्तांनी प्रत्येकी तीन नावे लिहिली तर तेहेतीस होतात. कागदाचे तुकडे वाटले जातात. पाच मिनिटे कुणी बोलत नाही. मग हळूहळू नावे उमटतात. बायपासवरचे पंपवाले, मुलीचे सासरे, नाशिकला स्थायिक झालेला वर्गमित्र, एलआयसीतून निवृत्त झालेल्या मावशी, न्यू जर्सीतला पुतण्या.

प्रत्येक नावापुढे तीन रकाने असतात. या माणसाला आपल्यापैकी कोण ओळखते, त्याची ऐपत साधारण किती, आणि मुलींच्या शिक्षणाविषयी त्याला आस्था आहे का. हे तीन निकष रोसो यांच्या शाळेने जगभर पोहोचवले. नवख्या मंडळाची चूक बहुधा एकाच ठिकाणी होते. ते फक्त ऐपतीचा रकाना पाहते आणि ज्याच्याशी कुणाचीच ओळख नाही अशा उद्योगपतीचे नाव सर्वांत वर लिहिते. ओळख आणि आस्था हे दोन रकाने रिकामे असतील तर ते नाव खाली न्यायचे. निवृत्त मावशी वर येतात.

मग जोड्या लावून सराव. एक देणगीदार, एक विश्वस्त. इथे अनुभवी, वजनदार माणसेही अडखळतात. संस्थेचा इतिहास दहा मिनिटे सांगतात, छायाचित्रे दाखवतात आणि 'काही जमलं तर बघा' म्हणून उठतात. आकडा ओठांवर येत नाही. शिकवणारा पुन्हा बसायला लावतो. 'काका, या वर्षी दोन मुलींच्या भोजनखर्चासाठी तुम्ही पंचवीस हजार द्याल का?' एवढे एकच वाक्य म्हणायचे आणि गप्प बसायचे. ती शांतता सहन करणे हा सरावातला सर्वांत कठीण भाग. बहुतेक जण घाईघाईने 'नाही, म्हणजे कमी दिले तरी चालेल' असे म्हणून स्वतःच आकडा पाडतात. पंचवीस-तीस वर्षे मोठ्या पदांवर काढलेल्या माणसालाही मागायची लाज वाटते, हे त्या दिवशी सर्वांसमोर येते. त्यात कमीपणा काही नाही, हे ऐकल्यावर खोलीतला ताण सैलावतो.

मागणे आणि राखणे

एवढ्यावर हे काम संपत नाही. मागायला गेलेल्या विश्वस्ताला देणगीदार हिशेब विचारतो, आणि तिथे पुष्कळांची पंचाईत होते. ताळेबंद वाचता येत नाही, राखीव निधी किती ते ठाऊक नाही, चालकाला पगार किती ते माहीत नाही. म्हणून निधी संकलनातून आलेला सल्लागार थोड्याच दिवसांत कारभाराच्या प्रश्नात शिरतो.

कारभार सैल असला की काय होते, याचा धडा अमेरिकेला १९९२ मध्ये मिळाला. युनायटेड वे ऑफ अमेरिका या अवाढव्य संस्थेचे प्रमुख विल्यम ॲरामोनी यांच्या खर्चांच्या बातम्या आल्या, त्यांना राजीनामा द्यावा लागला आणि १९९५ मध्ये न्यायालयाने त्यांना तुरुंगवासाची शिक्षा सुनावली. त्या संस्थेच्या मंडळावर देशातले नामांकित उद्योगधुरीण होते. ज्ञान, अनुभव, मान, कशाचीच उणीव नव्हती. कमी होती ती प्रश्न विचारण्याची. मंडळांना कारभार शिकवण्यासाठी वॉशिंग्टनला १९८८ मध्ये एक राष्ट्रीय केंद्र निघाले होते, आता ते बोर्डसोर्स या नावाने चालते. या प्रकरणानंतर अशा प्रशिक्षणाची गरज पटवून द्यावी लागेना. २००८ पासून अमेरिकेच्या करखात्याच्या वार्षिक विवरणपत्रात मंडळाच्या कारभाराविषयी, हितसंबंधांच्या धोरणाविषयी थेट प्रश्न विचारले जाऊ लागले.

आधी घरातून

महाराष्ट्राला हे सारे परके वाटायचे कारण नाही. इथल्या मोठ्या संस्था उभ्या राहिल्या त्या मंडळातल्या माणसांनी स्वतः दिले आणि स्वतः मागितले म्हणून. धोंडो केशव कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत, तिथून हिंगण्याला पायी जात आणि सुट्ट्यांत आश्रमासाठी वर्गणी गोळा करत गावोगाव फिरत. १८९६ मध्ये सुरू केलेला अनाथ बालिकाश्रम, १९१६ चे महिला विद्यापीठ, दोन्हींसाठी मागणारे मुख्य माणूस तेच. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी विद्यापीठाला पंधरा लाख रुपये दिले आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठाला मिळाले. एवढी मोठी देणगी आल्यावर कर्वे थांबले नाहीत. १९२९ मध्ये, वयाच्या सत्तरीनंतर, ते युरोप-अमेरिका-जपानच्या दौऱ्यावर निघाले आणि नंतर आफ्रिकेलाही गेले. परदेशातल्या भारतीयांपुढे संस्थेची माहिती ठेवायची आणि मदत मागायची, हा त्या प्रवासाचा मोठा भाग होता.

रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहातल्या मुलांसाठी संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही ठेवले नाही. भाऊराव मग खेड्यापाड्यांत धान्य आणि पैसा मागायला गेले तेव्हा 'तुम्ही स्वतः काय दिलेत?' असे त्यांना कुणी विचारायची गरज पडली नाही. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून तळेगावला १९०८ मध्ये काचकारखाना उभा राहिला, त्यात सामान्य माणसाचा पैसा होता आणि लोकमान्य टिळकांसारख्यांचा पाठिंबा. अलीकडच्या काळात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला. पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन मिळावे, हा त्यामागचा हेतू. लागूंनी निधीला आपल्या नावाचे वजन दिले, आणि घामही गाळला.

पुढे अनुदाने आली. शाळांचे पगार शासनाकडून, प्रकल्पांचा पैसा परदेशी संस्थांकडून, अशी घडी बसली. मंत्रालयात फाइल हलवू शकणारा, प्रस्ताव इंग्रजीत लिहू शकणारा माणूस संस्थेला जास्त मोलाचा वाटू लागला. विश्वस्तपद मानाचे राहिले, आणि मागण्याचे काम कार्यालयात गेले.

आता इथे

गेल्या दहा-बारा वर्षांत ही घडी पुन्हा विस्कटली आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ मुळे १ एप्रिल २०१४ पासून ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर (सीएसआर) खर्च करणे बंधनकारक झाले. पैसा आला, पण तो प्रकल्पाच्या चौकटीत, ठरावीक मुदतीसाठी येतो. २०२० मध्ये परदेशी देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. परदेशी निधी घेणाऱ्या मोठ्या संस्थेला तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येईना आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आली. मोठ्या संस्थेच्या आधारावर चालणाऱ्या खेड्यांतल्या छोट्या संस्थांचा नळ अचानक बंद झाला. अमेरिकेतल्या छोट्या संस्थांनी १९८१ मध्ये जे अनुभवले, तेच इथे वेगळ्या कारणाने घडले.

कागदपत्रांचा व्यापही वाढला. आयकर कायद्याखालची नोंदणी आता मुदतीची झाली आहे, तिचे नूतनीकरण करावे लागते. देणगीदारांना करसवलत मिळावी म्हणून त्यांचा तपशील दरवर्षी आयकर खात्याकडे भरावा लागतो. दोन हजारांहून अधिक रोख देणगीला ती सवलत मिळत नाही. राज्याच्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमानुसार मंडळात बदल झाला की नव्वद दिवसांत बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. संस्थेची जमीन विकायची तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. हे सगळे सीए किंवा वकील बघतात असे मानून विश्वस्त निर्धास्त असतात. नोटीस मात्र विश्वस्तांच्या नावाने येते.

भारतीय संस्थांसाठी निधी मागण्याचा विषय सोपा करून मांडणाऱ्यांत मरे कल्शॉ यांचे नाव घ्यावे लागेल. मायकेल नॉर्टन यांच्यासह त्यांनी लिहिलेले निधी संकलनाचे हस्तपुस्तक २००० मध्ये भारतात प्रसिद्ध झाले. मुंबईत सेंटर फॉर ॲडव्हान्समेंट ऑफ फिलान्थ्रॉपी ही संस्था नोशीर दादरावाला यांच्या नेतृत्वाखाली अनेक वर्षे विश्वस्तांना कायदा आणि कारभार समजावून देत आली आहे. क्रेडिबिलिटी अलायन्सने संस्थांसाठी नियमित बैठका, इतिवृत्ते आणि माहिती उघड करण्याचे निकष घालून दिले.

देणारा समाजही इथे आहे. 'लोकसत्ता'च्या 'सर्वकार्येषु सर्वदा' उपक्रमातून २०११ पासून गणेशोत्सवात निवडक संस्थांची ओळख छापली जाते आणि वाचक धनादेश पाठवतात. २००४ मध्ये सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये धावणारी माणसे मित्रांकडे, सहकाऱ्यांकडे संस्थेसाठी पैसे मागतात. पूर्वी कधी कुणापुढे हात न पसरलेले नोकरदार तिथे एका ई-मेलने मागायला शिकले. अमेरिकेतल्या मराठी घरांतून महाराष्ट्र फाउंडेशन १९७८ पासून इकडच्या कामांना हातभार लावते. लोक देतात, हे अनेकदा दिसून आले आहे. त्यांच्या दारापर्यंत जायला विश्वस्त तयार करणे बाकी आहे.

सल्लागार होऊ पाहणाऱ्याने

पंधरा-वीस वर्षे संस्थेत काढलेल्या निधी संकलकाने सल्लागार व्हायचे ठरवले तर सुरुवातीला त्याला काही गोष्टी सोडाव्या लागतात. पहिली म्हणजे देणगीदारांची यादी. ती जुन्या संस्थेची मालमत्ता आहे. फोनमधले क्रमांक नव्या संस्थेला देऊन फी वसूल करणे हा व्यवसायद्रोह, आणि आचारसंहितेतही ते मना आहे. दुसरी सोडायची गोष्ट टक्केवारी. 'आधी आणून दाखवा, मग वीस टक्के घ्या', हा प्रस्ताव महाराष्ट्रात पहिल्याच भेटीत समोर येतो, आणि पैशांची गरज असताना नाही म्हणणे सोपे नसते. पण देणगीदाराने मुलींच्या जेवणासाठी दिलेल्या शंभरातले वीस मध्यस्थाला गेले हे त्याला कळले, तर तो संस्थेवरचाच विश्वास गमावतो. तिसरी गोष्ट अधिक अवघड. स्वतः मागायचा मोह. सल्लागाराला मागणे उत्तम जमते, विश्वस्त चाचरतो, वेळ जातो. 'मीच बोलतो' म्हणून पुढे झाले की त्या दिवशी देणगी मिळते आणि मंडळ पुन्हा जिथल्या तिथे.

मिळवायच्याही काही गोष्टी असतात. ताळेबंद ओळीओळीने समजावून देता आला पाहिजे. अध्यक्ष आणि चालक यांच्यातला अबोला ओळखता आला पाहिजे, कारण निधीच्या तक्रारीआड बहुधा तोच दडलेला असतो. संस्थापकाला, ज्याने चाळीस वर्षे एकहाती गाडा ओढला, त्याला न दुखावता सांगता आले पाहिजे की मंडळावर नवे, प्रश्न विचारणारे लोक घ्यायला हवेत. आणि एखाद्या मंडळाला प्रशिक्षणाआधी हिशेब सुधारण्याची गरज असेल, तर फी सोडून तसे तोंडावर सांगता आले पाहिजे.

या विषयावरचे बरेचसे साहित्य आजही इंग्रजीत आहे आणि बऱ्याच कार्यशाळा मुंबई-पुण्याच्या सभागृहांत होतात. गडचिरोली, नंदुरबार, हिंगोलीकडच्या संस्थांच्या मंडळांवर शेतकरी आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, बचतगटातल्या बाया आहेत. बचतगटाचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला जमाखर्च नव्याने शिकवावा लागत नाही आणि दारोदार जायची तिला लाज नसते. तिला हव्या आहेत मराठीतल्या तक्त्यांच्या प्रती, नव्या विश्वस्ताने पहिल्या महिन्यात वाचायचा दहा पानांचा कागद, आणि वर्षातून दोनदा तालुक्याच्या गावी येऊन दिवसभर सोबत बसणारा, स्वतः देणगी मागून पाहिलेला माणूस. महाराष्ट्रात निवृत्तीला आलेले असे निधी संकलक थोडे नाहीत. त्यांच्यापैकी काहींनी आपापल्या जिल्ह्यातल्या पाच-सहा मंडळांची जबाबदारी घेतली आणि देणगीदार कंपन्यांनी प्रकल्पखर्चात मंडळाच्या प्रशिक्षणाचा एक रकाना ठेवला, तर येत्या मार्चपूर्वी पहिले वर्ग भरवता येतील.